दगडावर राहिलेली ओळ

"आकड्यांचं प्रूफ वाचलंत ना, दत्तोबा?"

वहिनींनी दारातूनच विचारलं. मी मान वर केली नाही. वीस वर्षं छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत हात काळे केलेला माणूस मी, आणि कालपरवा प्रेसची पायरी चढलेल्या बाईनं मला प्रुफाचं विचारावं? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"वाचलं," मी म्हणालो.

वाचलं नव्हतं. काढलंच नव्हतं, तर वाचणार काय? आमच्या धंद्यात त्या वेळी एक भलताच ताठा होता. बातमीचं प्रूफ काढायचं, अग्रलेखाचं काढायचं, पण आकड्यांचं काढायचं नाही. आकडे जुळवताना ज्याचा हात चुकतो तो शिकाऊ, असं आम्ही जुळारी लोक समजायचो. खिळे जुळवणारा म्हणून जुळारी, पण तोरा सोनाराचा.

वहिनी क्षणभर दारात थांबल्या, भिंतीकडं बघितलं आणि आत निघून गेल्या. आपण बरं निभावलं, असं मला वाटलं.

हे सगळं १९७१ च्या जूनमधलं. मॅट्रिकच्या निकालाचा दिवस होता. तेव्हा निकाल म्हणजे पेपरात छापलेले नंबर. पास झालेल्यांचे नंबर ओळीनं यायचे, नापासांचे गाळलेले असायचे. आपला नंबर दिसला तर पेढे, नाही दिसला तर कोपऱ्यात तोंड लपवायचं. शाळेत गुणपत्रिका यायला पुढं आठ-दहा दिवस लागत. जिल्ह्याचा मोठा पेपर आमच्या आंबेजळात दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचा. म्हणून निकालाच्या दिवशी आमचं साप्ताहिक 'पाणवठा' जादा अंक काढायचं. सकाळच्या एसटीनं यादी यायची आणि दुपारी एकच्या सुमाराला अंक चौकात असायचा.

'पाणवठा' आप्पासाहेब मगदुमांनी सुरू केलेला. ते दोन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या मागं त्यांच्या पत्नी द्वारकावहिनी प्रेसमध्ये येऊन बसल्या. गावाला करमणूक झाली. "पाणवठ्यावर बाई आली, आता घागरी मोजणार," असं लोक चौकात बोलायचे आणि हसणाऱ्यांत मीही असायचो, खोटं कशाला सांगू? वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. पण अग्रलेख त्याच लिहायच्या, बातम्या त्याच तपासायच्या, पंचायत समितीच्या सभेला एकट्या जाऊन शेवटच्या बाकावर बसायच्या. नाव मात्र कुठं नाही. अंकाच्या तळाला छापलेलं असायचं, 'संपादक : जिनगोंडा मगदूम'. हे आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ, खताचं दुकान चालवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांनी जन्मात एक ओळ लिहिली नव्हती, पण गुरुवारी अंक निघाला की आधी तळाशी बघायचे.

आणि वहिनी आम्हाला विचारून विचारून काम करायच्या. "हे असं घालू या का, दत्तोबा?" "ही बातमी वर घेतली तर चालेल ना?" मीही मोठेपणानं "बघतो" म्हणायचो.

त्या दिवशी साडेबाराला फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेलं पान, मशीनवर चढला. मशीनवाल्या महादूनं धडाधड छपाई सुरू केली, एकला अंक बाहेर पडले, थोडे एसटीनं आसपासच्या गावांना गेले, चौकात झुंबड उडाली. दोन वाजेपर्यंत सगळं शांत झालं. मी चहा घेतला आणि दगड पुसायला घेतला. दगड म्हणजे ज्याच्यावर पान मांडतात ती फरशी. तिच्या कोपऱ्यात माझा ओला फडका पडला होता. तो उचलला.

खाली एक ओळ होती. बांधलेली, साफसूफ, सहा नंबरांची.

दुसऱ्या रकान्याची ती शेवटची ओळ. फर्म्यात बसेना म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवली होती, तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर घालायला. तेवढ्यात महादूनं हाक मारली, मी फडका टाकून गेलो, आणि परत आल्यावर सरळ तिसरा रकाना लावला. नंबर चढत्या क्रमानं असले तरी मधले गाळलेलेच असतात. सहा आणखी गळले तर कुणाला कळणार?

हाच विचार माझ्या डोक्यात आला, अगदी याच शब्दांत. कुणाला कळणार? मी ओळ तळहातावर घेतली, खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीपाशी गेलो आणि शेवटच्या नंबराचे खिळे एकेक करून खणांत टाकायला लागलो. पाच खिळे टाकले. आणखी पंचवीस टाकले की झालं गेलं गंगेला मिळालं असतं.

"काका, जरा बघता का?"

दारात एक मुलगी उभी होती. परकर-पोलका, दोन वेण्या, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. हातात आमचा जादा अंक, घामानं मऊ झालेला.

"काय पाहिजे?"

"माझा नंबर न्हाई ह्यात."

"मग पुढच्या वर्षी बस."

"तसं न्हवं. मी सगळे पेपर चांगले लिवल्यात. गणितबी. माझं मलाच ठाऊक हाय की. तुमच्याकडं मूळ यादी आसंल, ती तेवढी बघू द्या."

तिच्या आवाजात रडं नव्हतं. हिशेब चुकला असेल तर तो दुकानदाराचा, माझा नव्हे, अशा खात्रीनं ती बोलत होती.

"कुठली तू?"

"कुरणवाडीची. शालन तातोबा पाटोळे."

"कुरणवाडीहून चालत आलीस? चार मैल?"

"मैतरणीकडं जाते म्हणून सांगून आलीया. चार वाजता पावणं यायच्यात सुपारी फोडायला. आबा पावण्यांना म्हणाले हुते, पेपरात नंबर आला तर पोरगी कालेजात जाणार, न्हाई आला तर सुपारी फोडू. आबा शबुद फिरवत न्हाईत." मग जरा थांबून म्हणाली, "नंबर सांगू? एक्केचाळीस हजार सातशे सव्वीस."

मी तळहाताकडं बघितलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. वीस वर्षांत माझी सुलट वाचायची सवय मोडली होती, उलटं मात्र झटक्यात वाचता यायचं. ४१७२६. ओळीत तिसरा.

आता खरं सांगतो, तेव्हाही माझ्या तोंडून आधी निघालं ते "यादी आत आहे, नंतर ये" असंच. पोरगी जागची हलली नाही. "नंतर म्हंजे कवा? अडीच वाजल्यात," म्हणाली. माझ्या तळहाताला घाम फुटला, खिळे निसटायला लागले, आणि एकदम मला माझीच किळस आली.

"वहिनी," मी हाक मारली, "बाहेर या. चूक झाली."

वहिनी आल्या. आतून त्यांच्या मागं अण्णाही आले. अंक पाहायला दुकानातून आलेले होते. मी ओळ दगडावर ठेवली आणि सांगितलं, की ही राहिली. प्रुफाचं मात्र बोललो नाही. तेवढं धाडस झालं नाही.

वहिनींनी यादी आणली, बोट फिरवलं आणि सहा नंबरांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. मग शालनकडं वळून म्हणाल्या, "तू पास आहेस, बाळ."

पोरीनं पहिल्यांदा डोळे पुसले. "मला ठाऊक हुतं," म्हणाली.

"गुरुवारच्या अंकात दोन ओळी टाका," अण्णा म्हणाले. "शेवटच्या पानावर, तळाला. 'नजरचुकीने काही क्रमांक राहून गेले.' सगळेच टाकतात."

"गुरुवारी हिच्या दारात मांडव असेल, भाऊजी."

"मग एक चिठ्ठी द्या हिच्या बापाला."

"आबा चिठ्ठी मानायचे न्हाईत," शालन म्हणाली. "हातानं काय कुनीबी लिवतंय म्हनतात. त्यांचं एकच, छापलंय त्ये खरं."

वहिनी विचारात पडल्या की पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. ते गुंडाळून झालं, सोडून झालं.

"दत्तोबा, दुसरा जादा अंक काढायचा. आत्ता. साडेतीनच्या कुरणवाडीच्या गाडीआधी."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. पण त्या घाईत ते माझ्या ध्यानात आलं नाही.

"अहो, एक प्रत काढा की मग," अण्णा वैतागले. "हिच्या बापापुरती! गावभर बोभाटा कशाला?"

"एका घरापुरता छापला तर तो पेपर कसला, ती चिठ्ठीच झाली. आणि राहिलेली पाच घरं? ती पोरं आत्ता काय करत असतील कुणास ठाऊक. पहिला अंक जेवढा गेला तेवढाच हा जाईल. फुकट वाटायचा." मग माझ्याकडं वळून, "लाकडी ठसे काढा."

लाकडी मोठे ठसे आमच्याकडं एखादा थोर पुढारी गेला तरच पेटीतून निघायचे. मी महादूकडं बघितलं, महादूनं माझ्याकडं. वहिनींनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. वर, पानभर रुंदीचा मथळा, 'चूक आमची झाली'. खाली, 'आज दुपारी प्रसिद्ध झालेल्या निकालात पुढील सहा क्रमांक आमच्या चुकीमुळे छापायचे राहिले. हे सहाही विद्यार्थी उत्तीर्ण आहेत.' मग सहा नंबर. मग संपादकाची सही.

"ए, माझं नाव नको हं त्याखाली!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की महादूच्या हातातला पाना पडला. "पंधरा वर्षं बाजारात बसतोय मी. चुकीखाली माझं नाव? लोक खताच्या गोणीत माती शोधतील."

"तुम्ही संपादक आहात, भाऊजी."

"आजच्या दिवस नाही."

मी पुढं झालो. "माझं घाला, वहिनी. ओळ माझ्या हातून राहिली. 'जुळारी दत्तोबा कासार' असं घाला."

"तुमची चूक तुम्ही मला सांगितलीत, ती तिथंच संपली," वहिनी म्हणाल्या. "गावाला सांगायची ती पेपराची." आणि एक श्वास घेऊन म्हणाल्या, "माझं नाव घाला."

मी खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली. "सौभाग्यवती तर आता... मग श्रीमती घालू?"

"काही नको. नुसतं द्वारका मगदूम. खाली, संपादक."

मी एकेक खिळा उचलत गेलो. त्या सात अक्षरांच्या नावा-आडनावाला मी जेवढा वेळ दिला तेवढा कधी कुठल्या मंत्र्याच्या नावालाही दिला नव्हता. मग मी प्रूफ काढलं. कुणी न सांगता काढलं. शालनलाच वाचायला बसवलं. तिनं सहाही नंबर मोठ्यानं वाचले, स्वतःचा दोनदा.

साडेतीनची गाडी आम्हाला स्टँडवर हलताना सापडली. वहिनी, शालन आणि मी, काखेत ओल्या शाईच्या अंकांचा गठ्ठा. तुम्ही कशाला येता, असं वहिनी मला म्हणाल्या नाहीत.

कुरणवाडीत पोचलो तेव्हा पाटोळ्यांच्या सोप्यात पाहुणे बसले होते. मध्ये ताट, ताटात पानं, हळदकुंकू आणि सुपारी. तातोबा पाटोळे म्हणजे ताठ कण्याचा, डोक्याला मळकट पटका बांधलेला माणूस. लेकीला परक्या बाईबरोबर बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कुटं गेली हुतीस गं?"

"माझ्याकडं आली होती," वहिनी म्हणाल्या. "मी 'पाणवठा'ची. पाटील, तुमची मुलगी पास झालीय. हे बघा." आणि अंक पुढं केला.

पाटील म्हटल्यावर तातोबा जरा सैलावला. अंक घेऊन उजेडाला गेला. त्याला वाचता यायचं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर करत. मोठा मथळा वाचून झाला, खालचा मजकूर झाला, नंबरांवर आला.

"एक्केचाळीस हजार सातशे सव्वीस," तो पुटपुटला. मग वर बघून म्हणाला, "हे दुपारच्या पेपरात का न्हवतं?"

"चुकलं."

"पेपरवाले चुकत्यात व्हय?"

"चुकतात. मी चुकले. खाली नाव आहे ना, ते माझं."

तातोबानं पुन्हा बोट ठेवलं. "द्वार-का मग-दूम. सं-पा-दक." वहिनींकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. "तुमी बाईमाणूस संपादक?"

"आजपासून," वहिनी म्हणाल्या.

पाहुण्यांतला एक म्हातारा खाकरला. "आवो तातोबा, दुपारी एक छापत्यात, सांजच्याला एक छापत्यात. कशावर इस्वास ठेवायचा? मुहूर्त चाललाय."

शालन दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि बापाच्या तोंडाकडं बघत होती. तातोबानं पुन्हा एकदा नंबरावर बोट ठेवलं.

"पावणं," शेवटी तो म्हणाला, "मोजणीवाल्यानं माझ्या बांधाची मोजणी चुकीवली, सात वर्सं झाली. दवाखान्यात आईला भलतंच औषीद दिलं. चुकलं म्हणून आजपातूर माझ्या दारात कोन आलं न्हाई. ह्या बाई आल्या, आन छापून घिऊन आल्या." त्यानं वाकून ताटातली सुपारी उचलली आणि कोपरीच्या खिशात टाकली. "शबुद दिलाय मी. नंबर आला तर कालेज. सुपारी ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. पोरगी शिकून आली की तिलाच इचारू, फोडायची का न्हाई. आता च्या घ्या."

शालनच्या आईनं आत चुलीपुढं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. शालन धावत आत गेली. मग मायलेकी रडल्या की हसल्या ते कळलं नाही, दोन्ही असावं.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. उन्हं कलली होती. मला राहवलं नाही.

"वहिनी, सगळ्यांदेखत चूक अंगावर का घेतलीत? माझी होती ती."

"प्रुफं टोचतो ती भिंतीवरची तार," वहिनी बाहेर बघत म्हणाल्या. "सकाळी तिच्यावर आजचा एकही कागद नव्हता."

"तुम्ही बघितलं होतं?"

"तुम्ही 'वाचलं' म्हणालात तेव्हाच बघितलं."

"मग छपाई का थांबवली नाहीत?"

"तुम्हाला राग येईल म्हणून." त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता. "दोन वर्षं मी तुम्हाला विचारतच आले, दत्तोबा. वाटायचं, ही माणसं दुखावली, सोडून गेली, तर ह्यांनी सुरू केलेला पेपर बंद पडेल. आज त्या भीतीपायी सहा पोरं नापास झाली असती. तुम्ही एक ओळ विसरलात. मी तर डोळ्यांनी बघून गप्प बसले. मग नाव कुणाचं घालायचं?"

मी एवढंच म्हणालो, "मी खोटं बोललो, वहिनी."

"हो," त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपवला.

पुढं त्यांनी कचेरीत रीतसर अर्ज दिला आणि त्यांचं नाव अंकाच्या तळाला आलं ते सव्वीस वर्षं राहिलं. 'पाणवठा' दैनिक झाला. पाण्याच्या टाकीचं प्रकरण, वसतिगृहाचं प्रकरण, कितीतरी बातम्यांनी मोठमोठ्यांची झोप उडवली. सत्कार झाले, जिल्ह्यातली पहिली महिला संपादक म्हणून वक्त्यांनी भाषणं ठोकली. पण ते नाव पहिल्यांदा कुठं छापलं गेलं हे एकाही वक्त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी समोर बसून टाळ्या वाजवायचो, आणि दरवेळी मला त्या ओल्या फडक्याची आठवण यायची.

दुसऱ्या वर्षीचा निकालाचा दिवस मला त्याहून लख्ख आठवतो. कॉलेजला सुट्टी होती, शालन सकाळच्या गाडीनं प्रेसमध्ये आली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. वहिनींनी तिला बोलावून घेतलं होतं. तिच्या हातात यादी, माझ्या हातात आकड्यांचं प्रूफ. मी वाचायचो, ती खूण करायची. दुसरा रकाना संपत आला तशी ती थांबली.

"काका, ही शेवटची ओळ फर्म्यात बसली?"

"बसली. हात लावून बघ."

तिनं खरंच उठून हात लावून बघितलं. बोटाला शाई लागली ती तिथल्याच फडक्याला पुसली, फडका उचलून खाली बघितलं, मग तो बाहेरच्या खुंटीला अडकवून आली.

सगळं वाचून झाल्यावर मी प्रूफ तारेला टोचलं. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. प्रूफ वाचलं का, असं त्यांनी विचारलं नाही. नुसता हात पुढं केला.

मी उठलो, तारेवरचा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.